बटण नसलेला दिवा

बॅटरी खोटं बोलत नाही, असं मी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचो. तासगावात एस. टी. स्टँडच्या मागे माझं पत्र्याचं दुकान होतं आणि तिथं हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की मी तोंड उघडलं की समोरचाच ते म्हणून टाकायचा. वर हसायचा. हसू दे. मी दस्तगीर मिस्त्री. फौजेत नऊ वर्षं गाड्यांच्या विजेचं काम केलं आणि सत्तर सालानंतर लगेच गावाकडं येऊन हे दुकान टाकलं. माझा तोरा होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

त्या वेळी गावागावांत विजेचे खांब यायला लागले होते. पण आमच्याकडं माणसं गावात राहतात कुठं? मळ्यात, वस्तीवर, माळावर. खांब वेशीपाशी येऊन थांबायचा आणि पुढच्या वस्त्या कंदिलावर. आता पोरं छपरावर सोलरच्या काचा बसवतात आणि मला मुद्दाम दाखवायला नेतात. बघून जीव सुखावतो. आम्हाला डोक्यावर रणरणतं ऊन असून त्याचा उपयोग नव्हता. आमची वीज यायची ती चालत्या गाडीच्या डायनामोतून. ती बॅटरीत साठवायची आणि खांब नसलेल्या घरात नेऊन दिवा लावायचा, हा माझा धंदा.

धंदा समजायला सोपा आहे. बॅटरी म्हणजे पाण्याचा रांजण. किती भरला आणि रोज किती तांबे उपसणार, एवढं कळलं की झालं. मोठा बल्ब मोठा तांब्या, बारका बल्ब बारका तांब्या. रांजण रिकामा व्हायच्या आत भरायची सोय करायची. कुणीही शिकेल. पण गिऱ्हाइकाला रांजण दिसत नाही, नुसता दिवा दिसतो, आणि तिथंच सगळी बोंब होते.

एक बेदाण्याचे व्यापारी आले. शेडमध्ये द्राक्षं वाळत घातली होती आणि ढग आले होते. म्हणाले, "मिस्त्री, एक बॅटरी द्या, मोठा पंखा लावतो. समदा माल दोन दिसात वाळला पायजे." मी म्हटलं, "मालक, एवढ्या बॅटरीवर एक मनुका वाळंल. ती तुमी खावा." दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. दुसरे एक वरबाप. ट्रॅक्टरवरून वरात काढायची, ट्रॉलीला रंगीत दिव्यांच्या माळा, वर कर्णा. मी सांगत होतो की ह्या सगळ्याला वेगळी बॅटरी लागेल. "आवं, एवढा मोठा ट्रॅक्टर हाय, त्येला काय हुतंय?" वरात मारुतीच्या देवळापुढं थांबली, नवरदेव पाया पडून आला आणि ट्रॅक्टर काही सुरू होईना. शेवटी अख्ख्या वऱ्हाडानं ढकलला, नवरीचे दोन मामा पुढं होते. दुसऱ्या दिवशी वरबाप दुकानात आले आणि म्हणाले, "बॅटरी खोटं बोलत न्हाई." मी चहा मागवला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण ज्या कामानं माझा तोरा उतरला ते काम वेगळं, आणि मला सांगायचंय ते त्याच कामाबद्दल.

एके दिवशी दुकानात एक नर्सबाई आल्या. नाव कुसुमताई, वय चाळिशीच्या आसपास, पायात धुळीनं भरलेल्या चपला, बोलणं तुकडे पाडणारं. औंधच्या पलीकडं माळावर एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या वाडीत लोकांनी दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. एकीत बाई राहायच्या, दुसरीत बाळंतपणाच्या दोन खाटा. आसपासच्या सात-आठ वस्त्यांतल्या बायका तिथं यायच्या. उजेडाला रॉकेलची चिमणी. मागच्या उन्हाळ्यात चिमणी कलंडली आणि एका बाळंतिणीच्या गोधडीनं पेट घेतला. माणसं वाचली, पण ते तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं.

"साहेबांनी मला मुदत दिलीय," बाई म्हणाल्या. "पावसाळ्याच्या आत नीट उजेडाची सोय झाली आणि खोली चालती राहिली, तर ठीक. नाहीतर खोली बंद, माझी बदली दुसरीकडं. मग त्या बायकांनी औंधला जायचं, बैलगाडीतनं. पोहोचेपर्यंत काय काय होतं ते मला विचारा."

मी कागद ओढला. एक बल्ब घेतला, गाडीच्या मागं लाल दिव्यात असतो तो, एकवीस वॅटचा. खोलीला तेवढा बास. संध्याकाळी लागतो किती वेळ? बाई म्हणाल्या, रोज तीन-चार तास, बाळंतपण असलं तर जास्त. ट्रकची मोठी बॅटरी तेवढ्यावर आठवडा काढेल. आता भरायची कुठं? वाडीत रोज दुधाची गाडी यायची. चालवणारा बाजीराव वाडीतलाच, तोही फौजेतून आलेला. मी दोन बॅटऱ्यांचा बेत केला. एक खोलीत, दुसरी दुधाच्या गाडीत कॅनशेजारी, चालता चालता डायनामोवर भरत राहणारी. दर चौथ्या दिवशी सकाळी अदलाबदल. गाडी उभी असली की तिच्या नि ह्या बॅटरीच्या मधला खटका काढून ठेवायचा, म्हणजे गाडीनं ती बॅटरी उपसायला नको. एवढी एकच जबाबदारी बाजीरावाची.

वाडीला जाऊन मी स्वतः सगळं बसवलं. बटण दाबलं, खोली लख्ख झाली. बायका दारात गोळा झाल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "आगं बया, सुई पडली तरी घावंल." बाईंनी चिमणी उचलली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. "आता हिचं तोंड बघायचं नाही," म्हणाल्या. मी मिशीला पीळ देत एस. टी. पकडली.

पुढच्याच आठवड्यात कंडक्टरच्या हाती चिठ्ठी आली. दिवा गेला, लगेच या.

गेलो. खोली रिकामी होती. वाडीतल्याच हौसाबाई म्हणून एका म्हातारीची सून, शालन, तिथं बाळंत झाली होती. सोमवारी दिवेलागणीला मुलगा झाला, सगळं व्यवस्थित. बुधवारी संध्याकाळी दिवा पिवळा पडत पडत गेला. हौसाबाईनं तिथल्या तिथं गाडी जोडायला लावली आणि दोन दिवसांच्या लेकराला, ओल्या बाळंतिणीला घरी घेऊन गेली. बाई अडवत होत्या, कुणी ऐकलं नाही. गुरुवारी सकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर एकच बोलणं, त्या खोलीतला दिवा आपोआप इझतो.

मी बॅटरीत तेजाबाचा जोर मोजायची काचेची नळी घातली. साफ मेलेली. नवी जोडली, वायर वीतभर न वीतभर तपासली, कुठं गळती नाही. मग मी साप साप म्हणून भुई धोपटायला लागलो. कुणी चोरून रेडिओ लावला का? कुणी नाही. राहिला बाजीराव. तो दूध घ्यायला आला तसा मी त्याच्यावर तुटून पडलो. "खटका काढायला विसरलास, खरं की न्हाई? अर्धी बॅटरी आणून दिलीस मला!"

बाजीरावानं कॅन खाली ठेवला. "मिस्त्री, चौदा वरसं मिल्ट्रीची गाडी चालिवली म्या, बर्फात. येक खटका इसरंन व्हय? तुमचं गनित चुकलं आसंल, ते बगा आदी."

"माझं गणित?" मी म्हटलं. असं म्हटलं, की जणू त्यानं माझ्या वाडवडिलांचा उद्धार केला. त्याच पावली परत आलो.

घरी जेवायला बसलो. बायको भाकरी वाढत होती. ती आमच्या बोलीत बोलली ते मराठीत लिहितो. मी तिला सगळं रागारागानं सांगितलं. ती म्हणाली, "खोलीत बाळंतीण होती ना?"

"होती."

"मग दिवा मालवला कुणी?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बाळंतिणीजवळचा दिवा मालवतात का कधी? त्यांच्यात बारा दिवस, आपल्यात चाळीस. आपल्या सलीमच्या वेळी चाळीस दिवस रातंदिन चिमणी जळत होती. तुम्ही उंबऱ्यातनं पोराचं तोंड बघून जायचात. दिवा कुठं बघितलात?"

घास तोंडातच राहिला. तसाच उठून कागद घेतला. चार तासांच्या जागी चोवीस तास धरले. सोमवारी दिवेलागणीला लावलेला दिवा बुधवारी दिवेलागणीनंतर जातो. बरोबर तेव्हाच, तासाचा फरक नाही. बॅटरी खरंच खोटं बोलली नव्हती. चिमणी आम्हीच कपाटात कोंडली आणि तिचं काम ह्या दिव्यावर आलं. बाई दिवसभर वस्त्यांवर फिरतीला, संध्याकाळी परत यायच्या तेव्हा दिवा लागलेलाच असायचा, त्यात त्यांना नवल काय वाटणार? आणि मी दोन पोरांचा बाप, मला माझ्याच घरातला दिवा माहीत नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

उपाय सापडायला वेळ लागला नाही. गाडीच्या मीटरच्या काट्यांच्या मागं एक करंगळीएवढा बल्ब असतो, दोन वॅटचा. तो चोवीस तास जळला तरी मोठ्या दिव्याच्या दोन-अडीच तासांएवढंच खातो. मोठा दिवा बटणावर ठेवायचा आणि हा बारका थेट बॅटरीला जोडायचा, बटणच नाही. मालवायचाच नाही त्याला बटण कशाला?

पण उपाय सापडून उपयोग काय? बायका यायला पाहिजेत ना. त्या पाच-सहा दिवसांत वस्त्यांवर दोन बाळंतपणं घरीच झाली. दुसरीला रक्त थांबेना, तिला गाडीत घालून औंधला नेलं, बाई सबंध वाट तिच्या हाताची नाडी धरून गाडीबरोबर चालत गेल्या. ती वाचली. परत आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, दिवा दुरुस्त झाला असेल. नाव नाही झालं."

नाव गेलं होतं हौसाबाईच्या तोंडून. ते परत यायचं तर तिच्याच दारातून येणार होतं. मी बॅटरी पोत्यात गुंडाळली, बाजीरावाच्या गाडीत टाकली आणि सकाळी तिच्या दारात उभा राहिलो. बाजीरावाची माफी वाटेत मागून घेतली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वो, म्हातारी लय कडक हाय, तितं काय मागायचं ते मागा."

हौसाबाई अंगणात धान्य पाखडत होती. मला बघितलं, पण सूप थांबलं नाही.

"कशाला आलासा?"

"आजी, दिव्याचं माझं चुकलं," मी म्हटलं. "बॅटरी वाईट नव्हती, खोली वाईट नव्हती. दिवा रोज चारच तास लागणार असं मी धरलं. बाळंतिणीचा दिवा इझवायचा नसतो, हे मी इच्यारलंच न्हाई."

सूप थांबलं. "दोन नातवंडं गेली माझी," ती म्हणाली. "पाचवी बगायच्या आत गेली. ह्यो तिसरा. पाचवीला सटवाई येती कपाळावर लिवायला. अंदारात काय लिवंल ती? आँ? तुमी शिकलेली मानसं, सांगा मला."

त्या दोन लेकरांना कशानं नेलं ते मला ठाऊक नाही. पण बुधवारी संध्याकाळी दिवा पिवळा पडताना ह्या बाईनं गाडी का जोडायला लावली, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी म्हटलं, "बारशाला किती दिस हायत?"

"दोन."

"मग दोन दिस ह्यो दिवा तुमच्या घरात लावतो. त्याला बटण न्हाई. मी वाडीतच ऱ्हातो. इझला तर तुमी म्हणाल ते."

तिनं सूप खाली ठेवलं आणि उठून दारापर्यंत गेली. मग दारातून बाजूला झाली. शालनच्या खाटेच्या उशाशी, कोनाड्यात, तेलाची पणती होती. मी ती हलवली नाही. तिच्या शेजारी करंगळीएवढा बल्ब लावला. हौसाबाईनं तो चहूबाजूंनी बघितला, हात जवळ नेला. "ऊन लागत न्हाई," म्हणाली. "लेकराजवळ बरं हाय."

दोन दिवस मी बाजीरावाच्या ओसरीत राहिलो. दिवसातनं चार वेळा म्हातारीच्या दारात जाऊन बघून यायचो. दुसऱ्या दिवशी बायकांची रीघ लागली. काहीतरी मागायचं निमित्त काढून यायच्या, कुणी ताक, कुणी चाळण, आणि कोनाड्याकडं बघून जायच्या. भर दुपारी पणतीतलं तेल सरलं, बारका दिवा चालूच. हौसाबाईनं पणतीत तेल घातलं, पण घाई केली नाही. बारशाच्या दिवशी पाळणा झाला, पोराच्या कानात नाव सांगितलं आणि मग तिनं स्वतः मला हाक मारली. "काढा आता. तिकडं लावा."

एवढंच. मी येते म्हणाली नाही, कुणाला पाठवते म्हणाली नाही. बाईंच्या खोलीत मी दिवा लावला आणि खाटा रिकाम्या असल्या तरी तो चालू ठेवायला सांगितलं. खिडकीतून येणारा-जाणारा बघू दे. पण आठवडा झाला, कुणी फिरकलं नाही. आणि मुदत संपली.

डॉक्टरसाहेब आले त्या दिवशी बाईंनी मलाही बोलावलं होतं. साहेब वाईट नव्हते. खोली फिरून बघितली, मोठा दिवा लावून बघितला, "उत्तम," म्हणाले. मग दोन्ही खाटांकडं बघून खाली बसले. "पण कुसुमताई, दोन आठवडे झाले, एकही बाळंतपण नाही. दिवा आहे, पण माणूस नाही. वर मी काय कळवू?" बॅगेतून त्यांनी कागद काढला. खोली बंद करायचा होता. बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी बॅटरीजवळ बसलो होतो. वाटलं, ह्या बॅटरीऐवजी मीच अकराशेवर आलोय. नळीत अकराशे दिसलं की बॅटरी मेली म्हणतात.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी दारात थांबली. हौसाबाई उतरली, तिनं हात दिला आणि मागून एक दिवस भरलेली बाई उतरली. हौसाबाईची लेक, लांब दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. वाडीतल्या चार-पाच बायका गाडीमागून चालत आल्या होत्या, त्या लिंबाखाली थांबल्या.

हौसाबाई कुणाकडं न बघता आत आली. सरळ बारक्या दिव्यापाशी गेली, तो बघितला, मग लेकीला म्हणाली, "ह्या खाटंवर बस."

साहेबांचंही त्या दिव्याकडं आत्ताच लक्ष गेलं. "अहो मिस्त्री, हा भर दुपारी कशाला जळतोय?" असं म्हणत ते उठले आणि बटण शोधायला भिंत चाचपू लागले.

"त्येला हात लावू नगा, डागदर," हौसाबाई म्हणाली. "त्यो माझ्या लेकीचा हाय."

साहेबांचा हात तसाच राहिला. बाई पुढं झाल्या, पोरीची नाडी बघायला लागल्या. साहेबांनी म्हातारीला विचारलं, "आजी, दिवा गेला तो तुमच्याच सुनेच्या वेळी ना? मी तर ऐकलं, तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत, तिथं जाऊ नका. मग आज पोटच्या पोरीला इथं कशी आणली?"

"मीच सांगितलं," हौसाबाई म्हणाली. "आनि मीच मागं घेतलं. माझी दोन नातवंडं गेली, तवा येक बी मानूस दारात येऊन म्हनला न्हाई, आजी, माझं चुकलं. वैदू न्हाई, सुईन न्हाई, कुनी न्हाई. ह्यो येकटा आला." तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्येच्या हातनं जे चुकलं ते परत चुकायचं न्हाई."

साहेबांनी कागद घडी करून बॅगेत टाकला. लिंबाखालच्या बायका एकेक करून आत आल्या. कुणी मला काहीतरी विचारलं. मी त्यांच्याकडं पाठ केली आणि बॅटरीच्या टोप्या उघडून पाणी बघायला लागलो. पाणी भरलेलंच होतं. सकाळी मीच भरलं होतं.